व्हीलर डीलर्सचा नफा आणि न मांडलेली मजुरी

जुन्या गाड्यांची आवड असलेल्या मराठी ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. शब्द जागोजागी बदलतात, आशय तोच: "ब्रिटनच्या 'व्हीलर डीलर्स'मध्ये दोन माणसं खटारा गाडी घेतात, आठवड्याभरात नवी करतात आणि नफ्यात विकतात. वीस वर्षं हेच चाललंय, म्हणजे धंदा पक्का. पूर्ण रिस्टोअर केली की किंमत दुप्पट. क्लासिक गाडीचा भाव कधी उतरत नाही, सोन्यासारखा वाढतच जातो. आपल्याकडे पद्मिनी पडून आहेत. फ्लॅटमध्ये पैसे अडकवण्यापेक्षा हे करा."

मी हा कार्यक्रम मनापासून पाहत आलोय, त्यामुळे तो बघू नका असं सांगायला हे लिहीत नाही. पण या मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि लोक निवृत्तीच्या पैशांचे बेत त्यावर आखू लागलेत.

सुरुवात नफ्यापासून, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

कार्यक्रम २००३ मध्ये सुरू झाला. माइक ब्रुअर गाडी शोधणार, घासाघीस करून घेणार आणि शेवटी विकणार. एड चायना ती दुरुस्त करणार. पहिली गाडी होती पोर्शे ९२४. भाग संपताना पडद्यावर हिशेब येतो: गाडी कितीला घेतली, सुटे भाग आणि बाहेरून करून घेतलेली कामं कितीची झाली, विकली कितीला. उरलेली रक्कम म्हणजे नफा. या हिशेबात चायना यांच्या कामाची मजुरी धरलेली नसते. त्यात लपवाछपवीही नाही, हिशेब सरळ डोळ्यांसमोर असतो. आपणच ती न लिहिलेली ओळ वाचत नाही.

ती ओळ लिहून पाहू. आकडे उदाहरणादाखल माझे आहेत. गाडी ५,००० पौंडांना घेतली, सुटे भाग आणि रंगावर २,५०० गेले, विकली ९,००० ला. पडद्यावर नफा १,५०० पौंड. आता दोन्ही बाजूंच्या दाराखालच्या पट्ट्या कापून नव्या जोडणं, ब्रेक उघडून बांधणं, कार्बोरेटर साफ करणं, गळणारी सिलं बदलणं, वायरिंगमधला बिघाड शोधणं या सगळ्याला १०० तास धरा. हे फार नाहीत, ज्यांनी एखादी गाडी उघडलीय ते हसतील. तासाला ५० पौंड लावले तर मजुरी झाली ५,०००. म्हणजे १,५०० चा नफा नाही, ३,५०० चा तोटा. जागेचं भाडं, लिफ्ट, वेल्डिंगचं सामान, विमा, गाडी टोचन करून आणण्याचा खर्च हे अजून बाहेरच आहे.

"पण मजुरी स्वतःची असेल तर वाचतेच की," असं उत्तर लगेच येतं. बरोबर. फक्त मग त्याला गुंतवणूक म्हणू नका. ती नोकरी झाली, तीही पगार शेवटी मिळाला तर मिळाला अशी.

शिवाय तिथला कर. ब्रिटनमध्ये व्हॅटसाठी नोंदणी असलेला जुन्या गाड्यांचा व्यापारी साधारणपणे मार्जिन योजनेत असतो. खरेदी आणि विक्रीच्या किमतींतल्या फरकाचा एक षष्ठांश सरकारला द्यायचा. हा फरक काढताना दुरुस्तीचा खर्च वजा होत नाही. आपल्या उदाहरणात फरक ४,००० चा, म्हणून कर सुमारे ६६७ पौंड. सुट्या भागांवर भरलेला व्हॅट वेगळा परत मागता येतो, पण फरकावरचा कर तरी राहतोच.

आणि विक्रीनंतरचं काय? पडद्यावर हस्तांदोलन झालं की शेवटच्या नावांच्या पाट्या वर सरकायला लागतात. प्रत्यक्षात तिथल्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने व्यापाऱ्याकडून घेतलेल्या गाडीत दोष निघाला तर पहिल्या ३० दिवसांत ती परत करून सगळे पैसे मागण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. पन्नास वर्षांच्या गाडीबाबतही व्यापाऱ्याची जबाबदारी संपत नाही, वयाचा विचार करून दोष ठरवला जातो इतकंच. खासगी विक्रेत्याला हा नियम नाही, पण वर्षाला चार-सहा गाड्या नफ्यासाठी फिरवणारा माणूस स्वतःला खासगी विक्रेता म्हणवून फार काळ सुटत नाही.

आता "वीस वर्षं चाललंय म्हणजे धंदा पक्का". वीस वर्षं चाललाय तो दूरचित्रवाणीचा कार्यक्रम. त्याचं पोट वाहिनीकडून मिळणाऱ्या पैशांवर भरतं, गाडीमागच्या हजार-दीड हजार पौंडांवर नाही. अमेरिकेत हे आणखी उघडपणे दिसतं. डॅलसच्या गॅस मंकी गॅरेजवरचा 'फास्ट एन' लाउड' हा असाच कार्यक्रम २०१२ ते २०२० चालला. त्याच्या जोरावर गॅरेजचे मालक रिचर्ड रॉलिंग्ज यांनी टी-शर्ट विकले, त्याच नावाने बार आणि ग्रिल काढलं. गाडी ही तिथे जाहिरात होती. यात गैर काहीच नाही, हुशारीच आहे. पण मग नक्कल करायची तर टी-शर्टची करावी लागेल. आणि 'कार एस.ओ.एस.'चं उदाहरण तर देऊच नका. त्यात गाडी विकत नाहीत, नीट करून मालकालाच परत देतात.

"आठवड्याभरात नवी" या दाव्यावर थोडं जास्त थांबतो, कारण सगळ्यात मोठी फसगत इथे होते.

जुन्या गाडीत पैसे खातो तो पत्रा. इंजिनाचं काम मोजता येतं: बोअर करा, पिस्टन-रिंग बदला, हेड घासून घ्या, खर्चाचा अंदाज आधी सांगता येतो. गंजाचं तसं नसतं. साठ-सत्तरच्या दशकातल्या बहुतेक गाड्यांना वेगळी चासी नाही, बॉडीच सगळं वजन पेलते. दाराखालची पट्टी ही आत-बाहेर अशा दोन-तीन पत्र्यांची पोकळ पेटी असते. पाणी आत साचतं आणि गंज आतून बाहेर येतो. रंगावर रुपयाएवढा फोड दिसला, तर आत वीतभर पत्रा गेलेला असू शकतो. तो कापायला घेतला की शेजारची फरशी, तिला टेकलेलं जॅक लावायचं ठिकाण, मागच्या सस्पेन्शनची बैठक, सगळं उघडं पडत जातं. पेटी कापण्याआधी गाडीला आधार दिला नाही तर बॉडी झुकते आणि मग दारं बसत नाहीत. नवा पत्रा जोडल्यावर प्रायमर, सांधे बुजवणं, आतल्या पोकळीत मेण, मग लांबी (पुट्टी), घासकाम, रंग. प्रत्येक थराला सुकायला त्याचा वेळ लागतो, तो कॅमेरा बंद केल्याने कमी होत नाही. तासाभराच्या भागात यातलं काही मिनिटं दिसतं.

कोणत्या गाड्या निवडल्या जातात तेही बघा. एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार, मिनी, बीटल यांचे सुटे भाग आजही सहज मिळतात. एमजीबीची तर अख्खी नवी बॉडी मिळते: ब्रिटिश मोटर हेरिटेजने १९८८ पासून ती मूळ साच्यांवर पुन्हा बनवायला घेतली. तुमच्या हाती आलेल्या गाडीला असं माहेर असेलच असं नाही. एका काचेच्या रबरासाठी किंवा मागच्या दिव्याच्या काचेसाठी गाडी सहा महिने गॅरेजच्या कोपऱ्यात उभी राहते. जागेचं भाडं मात्र चालूच.

आणि हे सगळं दाखवणं महागच पडतं. मार्च २०१७ मध्ये एड चायना यांनी कार्यक्रम सोडल्याचं स्वतःच्या व्हिडिओतून सांगितलं. त्यांच्या म्हणण्यानुसार, कार्यक्रम सध्याच्या स्वरूपात बनवायला फार अवघड जातो असं व्हेलॉसिटी वाहिनीला वाटत होतं आणि वर्कशॉपमधला तपशीलवार भाग कमी करायचा होता. त्यांना ते पटलं नाही. त्यांच्या जागी अँट अँस्टेड आले. वर्कशॉपमधलं काम दाखवणं एवढं जड जात असेल, तर ते काम पैसे मोजून करून घेणाऱ्या माणसाला ते आठवड्याभरात आणि स्वस्तात मिळेल असं कुणी कशावरून मानावं? ज्या मजुरीला हिशेबात जागा नव्हती, तिलाच पडद्यावरची जागाही कमी होऊ लागली होती, असं मला दिसतं. चायना गेले याचा दोष देत ब्रुअर यांना समाजमाध्यमांवर शिव्याशाप दिले गेले, तो चाहत्यांचा शुद्ध मूर्खपणा होता.

उलट बाजूची मंडळीही आहेत, "सगळं नाटक असतं" म्हणणारी. त्यांचंही मला पटत नाही. कापलेला पत्रा कापलेलाच असतो. नारिंगी हातमोजे घालून चायना यांनी समजावलेली कित्येक कामं मी जाणत्या मिस्त्रींच्या तोंडूनही तशीच ऐकलीत.

"पूर्ण रिस्टोअर केली की किंमत दुप्पट." फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला आर्टक्यूरियालने बायों कुटुंबाचा संग्रह लिलावात काढला. फ्रान्सच्या पश्चिमेकडे शेडांखाली कित्येक वर्षं पडून असलेल्या साठेक गाड्या, काहींचा निव्वळ सांगाडा. त्यात एक फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर होती, एके काळी अभिनेता आलँ दलाँची. धुळीने माखलेली, वर जुन्या मासिकांचे गठ्ठे रचलेले. तशाच अवस्थेत ती १.६ कोटी युरोंच्या पुढे गेली. मुद्दाम न पुसलेली ती धूळही किमतीचा भाग होती. वरच्या थरातल्या संग्राहकांना मूळ रंग, मूळ कातडं आणि कारखान्यातून निघालेल्या क्रमांकाचं तेच इंजिन हवं असतं. हौसेने सगळं नवंकोरं केलं की काही गाड्यांची किंमत घटते. साध्या गाडीत उलट होतं: रिस्टोअर केल्याने किंमत वाढते, पण खर्चाइतकी वाढत नाही. एमजीबीवर जॅग्वारच्या महागड्या ई-टाइपएवढी मेहनत घ्या, विकताना ती एमजीबीच्याच भावाने जाते.

"भाव कधी उतरत नाही" हे सगळ्यात लवकर निकालात निघतं. १९८९-९० च्या तेजीत फेरारी २५० जीटीओने एक कोटी डॉलर ओलांडले होते. नव्वदीच्या मध्याला तीच गाडी पस्तीस लाखांच्या आसपास मिळत होती. पुढे २०१८ मध्ये एक ४.८४ कोटींना गेली, २०२३ मध्ये दुसरी ५.१७ कोटींना, हे खरं. पण अशा गाड्या बनल्या ३६. मर्सिडीजची ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे २०२२ मध्ये १३.५ कोटी युरोंना विकली गेली, तशा जगात दोनच आहेत. एमजीबी बनल्या पाच लाखांहून जास्त. पहिल्या दोघींचे आकडे दाखवून तिसरी गळ्यात मारायची, हीच त्या मजकुराची युक्ती. लिलावात विकायची म्हटलं तर घेणाऱ्याकडून बोलीच्या काही टक्के वर घेतले जातात आणि तो ते धरूनच बोली लावतो. सोन्याचं म्हणाल तर लॉकरमध्ये ठेवलेल्या बांगड्यांची बॅटरी उतरत नाही आणि टायर कडक होत नाहीत.

राहता राहिली आपली पद्मिनी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत मुंबईत टॅक्सी म्हणून धावलेली. जीव गुंतावा अशी गाडी आहे आणि कुर्ल्याच्या भंगार बाजारात किंवा ऑपेरा हाउसच्या दुकानांत शोधलं तर तिचं बरंच काही मिळतंही. पण केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडीला पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटून गेलेली हवीत. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, 'व्हीए' मालिकेचा क्रमांक. गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. म्हणजे पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेल्या जुन्या टॅक्सीचं काय होणार ते उघड आहे. नोंदणी झाल्यावरही गाडी रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढायची. रोजचा किंवा धंद्याचा वापर नाही, तेव्हा "लग्नाला भाड्याने देऊन खर्च काढू" हा त्या मजकुराला काही ठिकाणी जोडलेला सल्लाही गेला. ऐंशीच्या दशकातली पद्मिनी या चौकटीत बसतच नाही, तिला पंधरा वर्षांनंतरचं नेहमीचं आरटीओ नूतनीकरण आणि हरित कर.

व्यापार म्हणून करायचं तर जीएसटीसाठी नोंदणी असलेल्याला जुन्या गाडीच्या नफ्याच्या रकमेवर १८ टक्के. ब्रिटनमधून गाडी आणून विकू म्हणाल, तर आयातशुल्क आणि कर धरून ती मूळ किमतीच्या दुपटीच्या सहज पुढे जाते.

पद्मिनी घ्यायचीच असेल तर जरूर घ्या. रंगाकडे न बघता चटईखालची फरशी बघा, आरसी बुकातले चासी आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी ताडून पाहा, आणि पत्र्याचं काम करणाऱ्याला सौद्याआधी सोबत न्या. त्याची त्या दिवसाची मजुरी द्या आणि ती हिशेबाच्या वहीत पहिल्या ओळीवर लिहा.