'देऊ' म्हणजे मी

सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला त्यांना वंशावळ भेट देऊ, असं नवरा म्हणाला. 'देऊ' म्हणजे मी, हे लग्न झालेल्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही.

आम्ही राहतो एडिंबरात. सासर स्कॉटिश; त्यांची समजूत अशी की आपण हायलँडमधल्या, म्हणजे इथल्या डोंगराळ मुलखातल्या, कुठल्याशा क्लॅनच्या (कुळाच्या) प्रमुखाचे वंशज. पुरावा, हॉलमधली तलवार. (ती जुन्या बाजारातून आणलेली, हे सासूबाईंनी मला भांडी पुसताना सांगितलंय.)

मला वाटलं, त्यात काय एवढं! त्र्यंबकेश्वरच्या आमच्या गुरुजींनी गाव-आडनाव विचारून चोपडी उघडली आणि चहा येईपर्यंत सात पिढ्या वाचून दाखवल्या होत्या. इथे संगणकावर नोंदीचं पान उघडायचं तर दर पानाला पैसे. दक्षिणा तीच, फक्त चहा आपला आपण करायचा.

बरं, शोधायचं कुणाला? जॉनला. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, अशी इथली जुनी रीत. म्हणजे पाच भावांना थोरले मुलगे झाले की एका गावात एकाच आडनावाचे पाच जॉन! एखादा तान्हेपणी गेला, तर पुढच्या बाळाचं नाव पुन्हा जॉन. तीन आठवडे खपून मी एका जॉनला नातवंडांपर्यंत आणला, तर तो चौथ्या वर्षीच गेलेला निघाला.

गुंता सोडवला तो बायकांनी. स्कॉटलंडच्या दप्तरात लग्नानंतरही बाईचं माहेरचं आडनाव टिकतं, अगदी मृत्यूच्या नोंदीतसुद्धा. जॉन पाच असले, तरी आया पाच घरच्या. (मी आडनाव बदललं नाही म्हणून ज्यांनी नाकं मुरडली, त्यांना हे मी दोनदा वाचून दाखवलं.)

अखेर सासऱ्यांचे पणजोबा सापडले. जन्म १८५५. सरकारी नोंदणीचं ते पहिलंच वर्ष. उत्साहाच्या भरात रकाने इतके ठेवले होते, आईबापांची वयं, जन्मगावं, लग्न कधी झालं, आधीची मुलं किती, की निबंधक टेकीला आले आणि पुढच्याच वर्षी बरेचसे उडवावे लागले. माझ्या जॉनने मात्र मुहूर्त साधला होता!

बापाचा धंदा: शेतगडी. सहीच्या जागी एक तिरकी फुली, आणि शेजारी निबंधकाच्या वळणदार अक्षरात, 'ही त्याची खूण'.

वाढदिवसाला सासऱ्यांनी चष्मा लावून ती फुली बराच वेळ न्याहाळली. "अक्षर माझ्यावर गेलंय," म्हणाले.

सासूबाई केक कापता कापता थांबल्या. "आणि माझ्या माहेरचे?"

"शोधू की!" नवरा म्हणाला.