चार्ज कोणाकडे आहे?

कालचे वीस रुपये अजून डोक्यातून जात नाहीयेत, म्हणून लिहून राहिलो.

घरटॅक्सच्या पावतीवर वडिलांच्या नावात एक काना जास्त पडलाय. तो काढायसाठी ही माझी तिसरी चक्कर. मे महिना, ऊन असं की गाडीची सीट दुपट्टा टाकल्याशिवाय बसू देत नाही, आणि मोबाईलमध्ये बॅटरी ३ टक्के. खिडकीतला बाबू म्हणाला ओटीपी येईल, सांगा. मी म्हटलं, "भाऊ, जरा चार्ज मिळेल का?"

"चार्ज माझ्याकडे नाही."

"मग कोणाकडे आहे?"

"मॅडमकडे."

"मॅडम कुठे बसतात?"

"रजेवर आहेत. सोमवारी येतील."

आईशप्पथ, मला खरंच वाटलं की बाई ऑफिसचा चार्जर पर्समध्ये टाकून माहेरी गेल्या. मी म्हटलं अहो पण नुसती पिन तर लावू द्या. तो म्हणाला, पिन लावून काय होते, सही लागते.

इथे बाकड्यावरचे काका जागे झाले. डोक्याला ओला दुपट्टा, मांडीवर एका साडीच्या दुकानाची जुनी पिशवी. त्यांचं स्वतःचं काही काम होतं असं मला शेवटपर्यंत दिसलं नाही.

"भाऊ, तुमी चुकीचं विचारून राहिले," ते म्हणाले. "मॅडमनं रजेवर जातानी कोणाले चार्ज देल्लाच नाई. देल्ला असता तं अ‍ॅडिशनल चार्जवाल्यानं सही मारली असती."

मी म्हटलं काका, मला मोबाईल चार्ज करायचा आहे.

"थेच सांगून राहिलो न जी. मी नोकरीत होतो तवा माह्याकडे तीन टेबलांचा चार्ज होता. पगार कितीचा? एकाचा. त्यातल्या एका टेबलाची फाईल गायब. चार्ज घेतानी यादी पाह्यली नाई, सही केली. भेटली मंग चार्जशीट. सात वर्षं चौकशी चालली, बाप्पा!"

"मग?" म्हणजे मी विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

"मंग काय, उन्हाळा सरला, कूलर काढला, तं फाईल कूलरखाली! कूलर हालू नये म्हणून शिपायानं टेकन देल्लं होतं." काकांनी बाबूकडे कौतुकानं पाहिलं. "हा पोरगा हुशार हाये. ज्याच्याकडे चार्ज नाई, त्याच्यावर चार्ज नाई."

बाबू पहिल्यांदाच हसला. माझा मोबाईल २ वर आला.

मग काकांनी पिशवीत हात घातला, त्यातून एक टिफीन, एक गोळ्यांची पट्टी आणि खरोखरचा चार्जर निघाला. माझा जीव भांड्यात. बघतो तर जुना, बारीक पिनचा. म्हटलं हा नाही लागत. "लावून तं पाहा, काहून घाबरून राहिले." त्यांनी स्वतःच माझा फोन घेतला आणि ती पिन इकडून तिकडून घुसवायला लागले, नर्स शीर शोधते तशी. फोन त्यांच्या हातातच बंद पडला. "बॅटरी खराब हाये तुमची," म्हणाले.

शेवटी रस्त्यापलीकडचं झेरॉक्सचं दुकान. वर्‍हाडी खोळंबल्यासारखे चारपाच फोन आधीच लटकलेले. अर्धा तास, वीस रुपये. चार्जचा पण चार्ज! पाच हजार एमएएचची बॅटरी पूर्ण भरायला वीज लागते युनिटचा साधारण चाळिसावा हिस्सा, दहा रुपये युनिट धरलं तरी चार आणे होतात, आणि माझी तर अर्धीही भरली नव्हती. हे मी दुकानदाराला सांगितलं. तो म्हणाला, मग चार आण्यात घरी करायची ना.

तिथं स्टुलावर बसलो तर समोर बर्डीची, म्हणजे आपल्या नागपूरच्या सीताबर्डीची टेकडी. नोव्हेंबर १८१७ मध्ये इथंच आप्पासाहेब भोसल्यांची फौज कंपनी सरकारशी भिडली होती. कंपनीच्या घोडदळाचा कॅप्टन फिट्झजेराल्ड चार्ज करायची परवानगी मागत होता आणि वरून नकार येत होता. शेवटी त्यानं स्वतःच्या जबाबदारीवर घोडे सोडले आणि लढाई फिरली. म्हणजे चार्जसाठी वरची परवानगी ही बर्डीची दोनशे वर्षांची परंपरा आहे, फक्त तो सोमवारची वाट पाहत बसला नाही, आणि आपण हरलो.

घरी येऊन कूलरसमोर बसलो आणि रागारागात डिक्शनरी काढली. चार्जचं मूळ निघालं लॅटिन 'कार्रुस', म्हणजे गाडा, आणि तोही रोमन लोकांनी गॉल लोकांकडून उचललेला. गाड्यात माल लादणं म्हणजे 'कार्रिकारे', तिथून फ्रेंचमार्गे इंग्रजीत चार्ज. कार, कॅरी, कार्गो सगळे याच गोठ्यातले. कॅरिकेचर म्हणजे व्यंगचित्रसुद्धा, कारण त्यात नाक जरा जास्त लादलेलं असतं. मग बंदुकीत दारू भरली की चार्ज, माणसावर काम लादलं की चार्ज, आरोप लादला की चार्ज, पैसे लादले की चार्ज. विजेचा चार्ज अठराव्या शतकातला, बेंजामिन फ्रँकलिनच्या काळचा. बॅटरी हा शब्द पण त्यानंच तोफांच्या बॅटरीवरून वीज साठवायच्या काचेच्या लेडन बरण्यांच्या रांगेला दिला.

आपल्या सरकारी मराठीनं हे बरोबर पकडलंय हो. कार्यभार, प्रभारी, अधिभार, सगळीकडे भार. लाठीचार्जचा तेवढा लाठीमार केला, एका अक्षरानं हुकलं. आणि वीजबिलात कोण जाणे का चार्जचा 'आकार' झाला: स्थिर आकार, वहन आकार. हा वहन आकार म्हणजे व्हीलिंग चार्ज, चाकही आलं आणि गाडाही आला. बैल तेवढा छापत नाहीत, त्याच्या नावानं बिल येते.

हां, ओटीपीचं राहिलं. फोन ३१ टक्के करून परत गेलो, ओटीपी आला, बाबूनं टाकला, अर्ज पुढे गेला. पुढे म्हणजे मॅडमच्या लॉगिनला. काना अजून तिथंच आहे.

निघताना काका बाकड्यावरच होते. म्हणाले, "सोमवारी सकाळीच नका येऊ. रजेवरून आल्यावर म्याडमले आधी जॉइनिंग रिपोर्ट द्या लागते. मंगळवारी या. आन् येतानी चार्जर आणजा, माह्या फोनची बॅटरी पण उतरून राह्यली."