वायफायला पक्कं कुलूप लावा अन् किल्ली टपरीवर ठेवा

तुमच्या ऑफिसच्या वायफायचा पासवर्ड ऑफिसचं नाव आणि पुढे १२३ असाच असेल तर आधी अभिनंदन. आमचाही तोच होता, कॅलेंडरच्या मागे मार्करने लिहिलेला, आणि जळगावच्या मे महिन्यात बाहेर अंगाची लाही होत असताना समोरच्या चहाच्या टपरीवर एवढी पोरं का बसतात हे आम्हाला फार उशिरा कळलं. तर तुम्हालाही जाग आली असेल आणि ८०२.१एक्स, म्हणजे प्रत्येकाची ओळख पटवूनच नेटवर्कमध्ये घ्यायची पद्धत, लावायचं मनात असेल, तर माझा अनुभव घ्या, फुकट आहे.

प्रकरण सोपंय. ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय सोडणारा डबा, हे ओसरीवर बसलेले आबा. कोणी आलं की आबा स्वतः काही ठरवत नाहीत, आत हाक मारतात, हा आपलाच ना रे? आत बसलाय तो रेडियस सर्व्हर. त्याचा होकार येईपर्यंत पाहुणा ओसरीवरच, आयपी ॲड्रेस सोडा, पाणीसुद्धा नाही. २००१ सालचं स्टँडर्ड आहे, म्हणजे आबा चांगले मुरलेले आहेत, बिघडवायचं काम आपल्यालाच करावं लागतं.

सर्व्हर म्हणून टेबलाखालचा जुना पीसी घ्या, मदरबोर्डचा सेल मेलेला असेल तर उत्तमच. लाईट गेली आणि आली की त्याची तारीख दहा-पंधरा वर्षं मागे जाते, आणि तुम्ही हौसेने ईएपी-टीएलएस, म्हणजे पासवर्डऐवजी सर्टिफिकेटने ओळख पटवायचा प्रकार, लावून प्रत्येकाच्या लॅपटॉपमध्ये सर्टिफिकेट, म्हणजे मुदतीचं डिजिटल ओळखपत्र, टाकलं असेल तर तो शांतपणे म्हणतो, हे सर्टिफिकेट अजून जन्मालाच यायचंय. सगळे बाहेर.

मग शेअर्ड सीक्रेट, म्हणजे आबा आणि आतल्याचा आपसातला परवलीचा शब्द. ॲक्सेस पॉइंटवर आणि सर्व्हरवर ते अक्षर-अक्षर सारखं लागतं, म्हणून व्हॉट्सॲपवरून कॉपी करा, शेवटी एक स्पेस आपोआप येतेच. यात मजा अशी की सीक्रेट चुकलं तर सर्व्हर नाही म्हणत नाही, काहीच म्हणत नाही, रुसलेल्या जावयासारखा तोंड फिरवून बसतो, ॲक्सेस पॉइंट आपला टाइमआउट टाइमआउट करत राहतो, आणि तुम्ही दोन दिवस केबल बदलता. मी तीन बदलल्या. नंतर कोणीतरी सांगेल की यूडीपी १८१२, म्हणजे रेडियसचं ये-जा करायचं दार, फायरवॉलमध्ये उघडा, तेही बंदच असतं.

सर्व्हरचं सर्टिफिकेट एका वर्षाचं बनवा आणि तारीख कुठेही लिहू नका. आमचं डिसेंबरचं होतं. पुढच्या डिसेंबरात मळ्यात भरीत पार्टी, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झालेली, सालं काढता काढता बोटं काळी, आणि खिशात फोन वाजतोय, वाजतोय, उचलायचा कशाने? शेवटी कोपराने उचलला. पलीकडून साहेब, "काय भो, नेट कुठंय?"

या कटकटीवर रामबाण उपाय आहे. फोनमध्ये सर्व्हर खरा की खोटा हे त्याच्या सर्टिफिकेटवरून तपासायच्या जागी 'व्हॅलिडेट करू नका' निवडायला सगळ्यांना शिकवा. मग कोणीही बाहेर तुमच्याच नावाचं वायफाय उभं करो, फोन आनंदाने तिकडे लॉगिन करायला धावेल. अँड्रॉइडवाल्यांनी २०२० च्या अखेरीस अँड्रॉइड ११ मध्ये काही फोनांवरून हा पर्यायच काढला, मग आमच्याकडे पंधरा दिवस नवा फोन घेणारा प्रत्येक जण माझ्याकडे गुन्हेगारासारखा बघायचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येकाला वेगळं युजरनेम देऊ नका. या सगळ्या खटाटोपाचा फायदाच तो, की माणूस सोडून गेला तर त्याचं एकट्याचं बंद करता येतं, बाकीच्यांना धक्का नाही. पण चाळीस जणांचे पासवर्ड कोण सांभाळणार? आम्ही एकच केलं, युजरनेम ऑफिस, पासवर्ड ऑफिस१२३. प्रिंटरला हे जमत नाही म्हणून त्याच्यासाठी साध्या पासवर्डचं दुसरं वायफाय ठेवलं, त्यावर आधी साहेबांचा टीव्ही आला, मग साहेब आले.

परवा सर्व्हरचा लॉग, म्हणजे कोण आत आलं त्याची नोंदवही, उघडून बसलो होतो. 'ऑफिस' नावाने एकावेळी एकाहत्तर जण आत, माणसं आम्ही चाळीस. तेवढ्यात टपरीवरचा पोऱ्या कटिंग घेऊन आला, ग्लास ठेवला, स्क्रीनकडे जरा बघितलं आणि म्हणाला, "दादा, सकाळपासून स्लो चालून राहिलंय, एकदा बंद-चालू करून बघा ना."