रजा वाढली, पण मिळते कुठे?

भरती झालेली पोरं पोलीस खातं का सोडतात, याचं कारण एका लेखात पगार असं दिलंय. पगाराचं दुखणं आहेच, पण खरी गोम रजेत आहे. 2022 मध्ये शिपाई ते उपनिरीक्षकांच्या किरकोळ रजा 12 वरून 20 केल्या. निर्णय चांगलाच. पण अर्ज टाकला की उत्तर ठरलेलं, ‘बंदोबस्त आहे, नंतर बघू.’ माझा भाऊ अंमलदार आहे. विसर्जनाच्या दिवशी सकाळी नेलेला डबा रात्री तसाच परत येतो, भाजी आंबलेली. साप्ताहिक सुट्टीलाही फोन उशाशीच. त्याच्या बरोबरीची पोरं ड्युटी सांभाळून तलाठी, एमपीएससीचे फॉर्म भरतात. त्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

त्र्यंबक रोडवर पोलीस प्रबोधिनी असलेल्या आपल्या नाशकात तरी हे कळायला हवं. 2027 चा सिंहस्थ आहे. रामकुंडावर बाहेरून कुमक येईल, पण पर्वणी संपली की ती परत जाणार आणि थकलेले इथलेच लोक पुन्हा रोजच्या कामाला जुंपले जाणार. मुंबईत 2016 मध्ये देवनार ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग झाला होता. सिंहस्थानंतर इथल्या दोन-तीन ठाण्यांत तो करून बघा, आणि रजा नाकारली तर कारण लेखी द्या.