गॅरिसनवर मी अन्याय केला का?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. गुलामीतून सुटलेला अमेरिकी वक्ता फ्रेडरिक डग्लस याच्यावरच्या लेखात मी विल्यम लॉइड गॅरिसनला, म्हणजे गुलामीविरुद्ध लढणाऱ्या गोऱ्या संपादकाला, उगाच झोडपलं, असं तुमचं म्हणणं. अमेरिकेतल्या गुलामांसाठी झटलेल्या ज्या लोकांना जोतिरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, त्यांच्यात खोट काढणं हा तुमच्या मते कृतघ्नपणा.

अर्धं मान्य. गॅरिसनला ‘प्रसिद्धीलोलुप’ म्हणालो ही माझी चूक, तो शब्द काढतो. १८३५ साली बोस्टनमध्ये जमावाने त्याला दोरी बांधून रस्त्यातून ओढत नेलं होतं. प्रसिद्धीसाठी एवढं कोण सोसेल?

बाकीचं मात्र मागे घेत नाही. डग्लस गुलामीतून पळालेला, विशीतला पोरगा. सभेसभेत तीच कहाणी सांगून तो विटला होता. त्याला गुलामीवर तुटून पडायचं होतं. गॅरिसनच्या गटातले गोरे सहकारी म्हणायचे, घडलं ते तू सांग, तत्त्वज्ञानाचं आम्ही बघतो. बोलण्यात थोडी मळ्यावरची भाषा राहू दे, फार शिकलेला वाटू नकोस, असाही सल्ला मिळाला. हे त्यानेच १८५५च्या आत्मचरित्रात लिहिलंय. यात कुणाच्याही मनात वाईट नव्हतं, म्हणून तर ते जास्त टोचतं. पुढे १८४७ मध्ये तो ‘नॉर्थ स्टार’ हा स्वतःचा पेपर काढायला निघाला, तर गॅरिसनचा विरोध!

आता ज्युलिया ग्रिफिथ्स बघा. ही इंग्लिश बाई १८४९ मध्ये रॉचेस्टरला, डग्लसच्या गावी, आली तेव्हा त्याचा पेपर कर्जात होता. तिने वह्या ताब्यात घेतल्या, पेपरचा आणि घरचा हिशेब वेगळा केला, पैसे उभे केले. पेपरने काय भूमिका घ्यायची ते डग्लसच ठरवायचा. दोघांबद्दल लोक नको ते बोलले, आणि त्यात गॅरिसनचा पेपरही मागे नव्हता.

राहिली अर्पणपत्रिका. तिच्यात आभार आहेत, तशीच एक आशाही आहे: शूद्रांना मोकळं करताना माझ्या देशबांधवांनी यांचा कित्ता गिरवावा. म्हणजे ती माझ्यासारख्या सवर्णाला उद्देशून आहे. मागच्या वर्षी आंबेडकरी चळवळीवरच्या एका व्याख्यानात वक्त्यांची ओळख करून द्यायला मी उभा राहिलो आणि तब्बल वीस मिनिटं बोललो. टाळ्याही मिळाल्या. सभागृह वेळेत सोडायचं होतं, म्हणून वक्त्यांनी हातातले चार कागद न वाचताच घडी करून खिशात ठेवले. मूळ लेख मी त्या रात्री लिहायला घेतला.