‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ मूळचं डॉली पार्टनचंच

‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ हे गाणं ‘द बॉडीगार्ड’ चित्रपटात व्हिटनी ह्यूस्टनने गावं म्हणून लिहिलं गेलं आणि अमेरिकी गायिका-गीतकार डॉली पार्टनने ते नंतर गायलं, असा मजकूर सध्या फिरतो आहे. हे साफ चुकीचं आहे. क्रम नेमका उलटा आहे.

गाणं डॉलीनेच लिहिलं, १९७३ साली. १९७४ मध्ये ते अमेरिकेच्या कंट्री (तिथल्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेल्या) गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. १९८२ मध्ये तिने ते दुसऱ्या एका चित्रपटासाठी पुन्हा गायलं, आणि पुन्हा पहिला क्रमांक! ‘द बॉडीगार्ड’ आला १९९२ मध्ये.

शिवाय हे प्रियकरासाठी लिहिलेलं गाणं नव्हे. पोर्टर वॅगनर यांच्या टीव्ही कार्यक्रमात डॉली १९६७ पासून गात होती. आपल्या वाटेने जायचं ठरवल्यावर त्यांचा निरोप घेण्यासाठी तिने हे लिहिलं. तिच्या आवाजात म्हणूनच ते इतकं संयत वाटतं. शेवटचं कडवं तर ती गात नाही, नुसतं बोलते. व्हिटनी तेच कडवं गाते, क्षणभर थांबते आणि मग तो प्रसिद्ध चढा सूर लागतो.

एल्व्हिस प्रेस्लीलाही हे गाणं हवं होतं. त्याच्या व्यवस्थापकाने प्रकाशनाचे, म्हणजे गाण्याच्या कमाईचे, निम्मे हक्क मागितले, डॉलीने ठाम नकार दिला. केवढं धाडस! व्हिटनीचं गाणं १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, तेव्हा ते हक्क डॉलीकडेच होते.

व्हिटनीचा आवाज अफाटच. पण मजकूर पुढे पाठवताना गीतकाराचं नाव तेवढं दुरुस्त करा.