बाक कुठे ठेवायचा, हे आधी ठरवा

विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात आणि पहिल्याच दिवशी पहिला धडा सुरू होतो. माझं स्पष्ट मत आहे, पहिला आठवडा बसण्याची आणि वर्गाच्या सवयींची घडी बसवायला द्या. पस्तीस मिनिटांच्या तासात वह्या गोळा करण्यात रोज पाच मिनिटं गेली, तर आठवड्याच्या सहा दिवसांत तीस मिनिटं गेली. म्हणजे जवळपास एक तासिकाच बुडाली!

आपल्याकडे साधारण ४५ मुलं, १५ बाकं, तीन रांगा. पहिला बाक फळ्यापासून किमान सहा फूट हवा आणि दोन रांगांमध्ये शिक्षकाला अंग तिरकं न करता जाता यावं. उजेड मुलांच्या डाव्या हाताने आला तर लिहिताना वहीवर सावली पडत नाही. डावखुऱ्या मुलाला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, नाहीतर दिवसभर शेजारच्याच्या कोपराशी भांडण. मग पुढच्या कोपऱ्यातल्या बाकावर स्वतः बसून फळा वाचून बघा. खिडकीच्या झळाळीने तिथून अर्धा फळा पांढरा दिसतो, आणि "लक्ष देत नाही" म्हणून बोलणी त्याच मुलाला बसतात.

हुशार पुढे, बाकीचे मागे, ही पद्धत मला अजिबात मान्य नाही. शिक्षकाची नजर आपोआप पुढच्या आणि मधल्या बाकांवर जाते, प्रश्नही तिथेच विचारले जातात. मागचं मूल मागेच राहतं. दर सोमवारी प्रत्येक रांग एक बाक मागे सरकवा, शेवटचा बाक पुढे. पाच आठवड्यांनी फेरी पूर्ण झाली की रांग बदला. नजर किंवा ऐकणं कमी असलेली मुलं मात्र पुढेच राहतील. ऐकू कमी येणाऱ्याला शिक्षकाचा चेहरा दिसायला हवा, म्हणून फळ्याकडे तोंड करून बोलू नका.

वह्यांचं असं करा: तपासायचं पान उघडं ठेवून तिन्ही वह्या वाटेकडच्या मुलाकडे. रांगेतला शेवटचा एकच उठेल आणि पुढे येता येता गोळा करेल. पंचेचाळीस नाही, तिघंच उठतात.

तास सुरू होण्याआधी फळ्यावर दोन उदाहरणं लिहिलेली असू द्या. हजेरी होईपर्यंत हात चालू राहतात. शांततेची खूण एकच ठरवा, हात वर. डस्टर आपटू नका, आणि गोंगाटावर आवाज चढवून सूचना तर मुळीच देऊ नका. मुलं मग ओरडल्याशिवाय ऐकायचंच सोडतात. एका दिवशी एकच सवय, करून दाखवा, चार वेळा करून घ्या. सगळं एकदम सांगितलं की बुधवारपर्यंत विसरलेलं असतं.

गटकार्याला सहा जण जास्त होतात, दोघं नुसते बसतात. एका बाकावरचे तिघंच पुरेत.

पावसाळ्यात छत्र्या व्हरांड्यातच ठेवा, ओल्या फरशीवर घसरणं नको. मार्चपासून पश्चिमेच्या खिडकीलगतची बाकं दुपारी तापतात, ती हातभर आत घ्या.

"आमच्या पोराला पुढे बसवा" म्हणणाऱ्या पालकांसाठी फेरीचा तक्ता दाराशीच चिकटवा. कोणत्या सोमवारी तो कुठे बसणार, ते त्यांना स्वतःच वाचता येईल.